बसलोय

१

दुपारी घंटाघराचा टोल पडला की मी टोपी घालतो आणि 'सोनेरी फावडं'ला जातो. बायको गेल्यापासून हा नेम चुकलेला नाही. जुन्या चौकात, कमानींखाली तीन पायऱ्या उतरायच्या, जड दार खांद्यानं ढकलायचं, टोपी खुंटीला लावायची आणि आपल्या टेबलाशी बसायचं. काही मागावं लागत नाही. मालविना बिअरचा ग्लास आणून ठेवते. तिचा नवरा होता तेव्हा तो आणायचा, त्याच्याआधी त्याचा बाप.

मी पाथरवट. या पबची फरशी मी बसवली. खिडकीखालच्या बाकाचे दगडी ठोकळे माझ्या हातचे. वरची ओकची फळी मात्र फार जुनी, ठोकळ्यांवर नुसती टेकवलेली. कोणी बसलं की ती त्या बाजूला दबते, उठलं की वर येते. शाळेत मी फारसा गेलो नाही. त्यामुळे कानावर आलेलं मी सांगत नाही. पाहिलेलं सांगतो.

आमच्या पबात दोन रीती आहेत. ग्लास संपला की दुसरा न विचारता येतो. नको असेल तर पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची. पण ज्यानं त्यानं आपल्याच ग्लासावर. दुसऱ्याच्या ग्लासावर चकती ठेवणं म्हणजे त्याला चारचौघांत 'चालता हो' म्हणणं. त्यावरून दात पडलेले मी पाहिले आहेत.

दुसरी रीत अशी. मध्येच बाहेर जाणाऱ्यानं ग्लास उघडा ठेवायचा आणि 'येतो' म्हणायचं. टेबलावरच्या कोणी एकानं 'बसलोय' म्हणायचं. ज्यानं 'बसलोय' म्हटलं, तो जाणारा परत येईपर्यंत उठत नाही. घराला आग लागली तरी नाही. आमच्या भागात कागदावर सही करून लोक फिरतात, पण 'बसलोय' म्हणून कोणी फिरल्याचं मी ऐकलं नाही.

टेबलाशी आम्ही चौघं. मी आणि क्वीडो न्हावी खुर्च्यांवर. समोर बाकावर माझा धाकटा भाऊ हिनेक आणि त्याच्या शेजारी, खिडकीकडे, लुडवीक. ते दोघं तरुणपणापासून गावच्या बिअरच्या भट्टीत भिजवलेले जव उलटायचे. एकानं फावडं घातलं की दुसऱ्यानं उचलायचं. भट्टी बंद पडली तरी दोघं एकाच वेळी येत आणि एकाच वेळी उठत. लुडवीक दांडगा, मानेला घड्या पडलेला, टोपी कधी न काढणारा. हिनेक लहानखुरा.

फेब्रुवारीत एका दुपारी लुडवीकनं अर्धा ग्लास टेबलावर ठेवला आणि तो उठला.

"तंबाखू आणतो. येतो."

"बसलोय," हिनेक म्हणाला.

"त्या टपरीवालीशी गप्पा मारत बसू नकोस," क्वीडो म्हणाला, "तिला ऐकू येत नाही, आणि तुला थांबता येत नाही."

लुडवीक हसला. बाक वर आला. तो पायऱ्या चढून गेला. चौकातल्या कारंज्यापर्यंत पोचला, त्याच्या काठावर बसला, आणि तिथेच मेला. कोणीतरी आरडाओरडा केला. आम्ही सगळे धावलो. सगळे म्हणजे हिनेक सोडून सगळे. मी परत येऊन त्याला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, मी बसलोय म्हटलं होतं."

मालविनानं दार लावेपर्यंत तो तसाच बसून होता.

२

दफनाच्या दिवशी मेलेल्याच्या जागेवर एक ग्लास ठेवायची आमच्याकडे चाल आहे. मालविनानं ठेवला. आम्ही उभे राहून प्यालो. ठीक झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा ठेवला.

"काल झालं ते," मी म्हणालो.

"काय झालं?" तिनं खाली पाहिलं. चार ग्लास आणले होते. "अगं बाई. हात सवयीनं चालतो, मिस्त्री. असू दे आता."

असू दिला. क्वीडोनं भट्टीच्या गप्पा काढल्या. आम्ही व्हिनेगरात मुरवलेली सॉसेजं मागवली. त्यांना आमच्याकडे 'बुडालेला' म्हणतात. क्वीडो काट्यानं एक उचलून म्हणाला, "हा बघा, लुडवीकपेक्षा याचा रंग बरा आहे." कोणी हसलं नाही. तोही नाही.

थोड्या वेळानं मालविना आली. खिडकीकडचा रिकामा ग्लास उचलला आणि भरलेला ठेवला.

मी तिचा हात धरला. "तो कोणी संपवला?"

"मला काय ठाऊक? ग्लास रिकामा, वर चकती नाही. मी काय करणार?"

"क्वीडो, तू प्यालास?"

"माझा मला संपत नाही. डॉक्टरनं धमकावलंय."

"मग तूच मोरीत ओतलास बाई."

"मी ओतते ते नळातून ग्लासात," मालविना म्हणाली. "उलटं करत असते तर हा पब केव्हाच बुडाला असता."

मी रिकामा ग्लास तिच्या हातून घेतला. खिडकीच्या उजेडात धरला.

चांगली बिअर पिणाऱ्याची चुगली करते. प्रत्येक घोटामागे काचेवर फेसाचं एक कडं राहतं. नुसती ठेवून दिलेली बिअर खाली बसत नाही, कडी पडत नाहीत. कोणी मोरीत ओतली तर एकाच बाजूनं ओघळ पडतो. या ग्लासावर कडी होती. एकमेकांपासून दूर दूर. मोठमोठे घोट घेणाऱ्याची.

हिनेक चिमणीसारखा पितो. त्याची कडी एकाला एक लागून असतात. ही हिनेकची नव्हती.

मी ग्लास परत दिला. म्हटलं, मागच्या गिऱ्हाइकाचा असेल, धुवायचा राहिला असेल. मालविनाला मी हे बोललो नाही. तिच्या ग्लासांना न धुतलेले म्हणणं म्हणजे दुसऱ्या पबाचं दार शोधणं.

३

असे दिवस गेले. चौथा ग्लास येत राहिला. आधी आम्ही त्याच्याकडे बघायचो, मग बघायचं टाळायला लागलो. माणूस कशालाही सरावतो.

मी नजर ठेवायचा प्रयत्न केला. ग्लासावर डोळे लावून बसलो तर त्यात काही होत नसे. फेस बसे, बिअर शिळी होई. पण माणूस किती वेळ टक लावणार? कोणी दार उघडलं, क्वीडो शिंकला, शेगडीत कोळसा फुटला, की नजर हले. परत पाहावं तर एक कडं वर राहिलेलं असे आणि बिअर बोटभर खाली. आवाज कधी आला नाही. एकदा फक्त फळी करकरली.

"लाकूड आहे," मी म्हणालो. "शेगडीनं तापतं."

"कोणी काही विचारलं नाही, प्रोकोप," क्वीडो म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात तो शेजारच्या टेबलाशी पत्ते खेळणाऱ्यांत जाऊन बसला. "इकडे वारा लागतो," म्हणाला. त्या टेबलाला दारातला सगळा वारा लागतो. आमच्या टेबलाला नाही.

मग माझ्या लक्षात दुसरी गोष्ट आली. ती आधीच यायला हवी होती. मी खिडकीकडच्या ग्लासाकडे बघण्यात गुंतलो होतो, आणि भाऊ माझ्या समोर होता.

हिनेकचा ग्लास भरलेला होता. फेस केव्हाच मेला होता. काच वरपासून खालपर्यंत स्वच्छ.

"पी की," मी म्हणालो.

"पितोय."

"कुठे पितोयस? ग्लास भरलेला आहे."

त्यानं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्याला खोटं पाडलं की तो असाच बघायचा. "आत्ताच आणलाय मालविनानं. याच्याआधीचा संपवला. चव आहे अजून तोंडात."

मालविनानं त्या दुपारी त्याचा ग्लास एकदाही बदलला नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. ती पाठ फिरवून नळ पुसत होती.

४

हिनेकची बायको ब्लाझेना धीट बाई आहे. डुक्कर कापायला ती खाटकाची वाट बघत नाही. ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा मी एक थडग्याचा दगड घासत होतो. तो लुडवीकचाच होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड करून बोलू लागली.

"भावजी, त्यांना तिथून उठवा."

"तो रात्री घरी येतो ना?"

"येतात. मालविना दार लावते तेव्हा येतात. ती उघडते त्याच्या आधी जाऊन दारात उभे राहतात. जेवण पुढ्यात ठेवलं तर म्हणतात, जेवलो. ताटाला हात लावलेला नसतो."

"दुःख आहे. उतरेल."

"माझा बाप गेला, दोन पोरं गेली. दुःख काय असतं ते मला शिकवू नका." मग ती थांबली. तिनं ॲप्रनला हात पुसले. ते कोरडेच होते. "भावजी, आमचा पलंग जुना आहे. ते निजले की त्यांच्या बाजूनं खाली जायचा आणि मी घरंगळत त्यांच्याकडे जायची. इतकी वर्षं त्याची मला चीड होती."

"मग?"

"आता जात नाही."

मी छिन्नी खाली ठेवली.

"शेजारी असतात," ती म्हणाली. "श्वास ऐकू येतो. पण गादी दबत नाही. मी हात लावून बघितला. मला वेडी म्हणा."

मी तिला वेडी म्हटलं नाही. माणूस वाळला की हलका होतो, एवढंच म्हणालो. ती मान हलवून गेली. माझं बोलणं तिला पटलं नव्हतं. मलाही नाही.

५

माझ्या खिशात नेहमी एक छोटी पाणसळ असते. पितळेची, बापाची. काचेच्या नळीतला बुडबुडा मध्ये थांबला की दगड सपाट. नाहीतर तो उंच बाजूला पळतो. यात मत वगैरे काही नसतं. माणसं खोटं बोलतात, पाणसळ बोलत नाही, हे मी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी मी आधी गेलो. हिनेक पायरीवर उभा होता, पण मालविनानं मला मागच्या दारानं घेतलं. रिकाम्या बाकावर मधोमध पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये. मी शेगडीच्या बाजूला, हिनेकच्या जागी, स्वतः बसून पाहिलं. फळी माझ्या बाजूला दबली, बुडबुडा खिडकीकडे पळाला. तसंच व्हायला हवं.

मग मालविनानं दार उघडलं. हिनेक आला. मला न विचारता आपल्या जागी बसला. मी पाणसळ तिथेच राहू दिली होती.

बुडबुडा हलला नाही.

"हे काय आणलंयस, दादा?"

"फळी तपासतोय. तू बस."

मालविनानं ग्लास आणले. एक माझ्यापुढे, एक हिनेकपुढे, एक खिडकीकडे. ती गेली. मी तिच्याकडे बघितलं, इतकंच. परत वळलो तेव्हा फळी करकरत होती आणि बुडबुडा सरकत होता. हळू. तो हिनेककडे चालला होता. नळीच्या टोकाला जाऊन चिकटला.

शेगडीकडे माझा भाऊ बसला होता आणि ती बाजू उंच होती. खिडकीकडे कोणी नव्हतं आणि ती बाजू खाली गेली होती.

मी वाकून ठोकळे पाहिले. माझे ठोकळे आहेत. ते खचत नाहीत. तरी पाहिले.

"सापडलं काही?" हिनेकनं विचारलं.

"नाही."

"मग ठेव ती खिशात. त्याला आवडत नाही."

"कोणाला?"

हिनेक थोडा शेगडीकडे सरकला. शेजाऱ्याला जागा करून द्यावी तसा.

६

मी विचार केला तो सरळ होता. लुडवीकचा ग्लास उघडा आहे, म्हणून भरला जातो. त्यावर चकती ठेवली की त्याचा दिवस संपला. दुसऱ्याच्या ग्लासाला हात लावायचा नाही, ही रीत जिवंत माणसांसाठी आहे. मेलेल्याचा अपमान तो काय होणार?

असा विचार मी घरी केला. घरी तो बरोबर वाटला.

भर दुपार होती. बाहेर चौकात बाजार भरला होता, बायका कोबीच्या भावावरून भांडत होत्या, त्यांचे आवाज आत येत होते. क्वीडोच्या टेबलावर पत्ते चालले होते. मी उठलो, चकती उचलली आणि हात लांब करून खिडकीकडच्या ग्लासावर ठेवली.

पत्ते थांबले.

"प्रोकोप," क्वीडो म्हणाला, "अरे, हे काय केलंस?"

"जे तुमच्यापैकी कोणाच्यानं झालं नाही ते."

हिनेक माझ्याकडे बघत होता. "दादा, तू त्याला हाकललंस? सगळ्यांसमोर?"

"मिस्त्री, उचला ती." मालविनाचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "मी सांगते, उचला."

मी तिच्याकडे वळलो. मला बोलायचं होतं की मेलेल्या माणसाला बिअर पाजणारी तू कोण. शब्द तोंडात तयार होते. तिच्या बाजूला बिअरच्या नळाचं तांब्याचं कवच आहे. ती ते रोज घासते. त्यात सगळी खोली दिसते, वाकडी, फुगलेली, पण दिसते. मी दिसत होतो, समोरून. टेबल दिसत होतं. खिडकी दिसत होती. बाकावर एक माणूस बसला होता.

एकच. खिडकीकडे. रुंद. टोपी घातलेला. त्याच्या शेजारी शेगडीपर्यंत नुसती भिंत होती.

त्यानं मान वर करायला सुरुवात केली आणि मी वळलो.

बाकावर हिनेक होता. आपल्या जागी. एकटा.

चकती ग्लासावर नव्हती. ग्लासाखाली होती. पार भिजून काळी झालेली, दिवसभर कोणी वर ग्लास दाबून धरल्यासारखी. मी ती ओढायला गेलो तर ग्लास हलला नाही. मी आयुष्यभर दगड उचलले आहेत. ग्लास हलला नाही.

तांबं वाकडं दाखवतं. मी चष्मा त्या दिवशी घरी विसरलो होतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी त्या रात्रभर स्वतःला सांगितल्या.

७

एप्रिलमध्ये वारा सुटला. ब्लाझेना पुन्हा आली. या वेळी ती अंगणात उभी राहिली नाही, सरळ आत येऊन खुर्चीवर बसली.

"काल चौकात ते कमानीच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून उभे होते," ती म्हणाली. "वारा पडेपर्यंत. पोरं हसत होती. भावजी, मी त्यांना उचलून घरी आणलं. एका हातानं. दुसऱ्या हातात दुधाची बरणी होती."

मी टोपी घातली.

'सोनेरी फावडं'त हिनेक बसला होता. आता तो बाकाच्या पार टोकाशी होता, शेगडीला चिकटून. खिडकीपासून त्याच्यापर्यंत चांगली दोन माणसांची जागा रिकामी होती. खिडकीकडचा ग्लासही खिडकीकडे राहिला नव्हता. तो टेबलाच्या मध्यावर आला होता.

"मालविना, तो ग्लास तिथे का ठेवलास?"

"मी आपल्या जागेवरच ठेवते, मिस्त्री," ती लांबूनच म्हणाली.

मी भावाच्या समोर बसलो. त्याचा चेहरा पातळ झाला होता. शेगडी पेटलेली होती, तो तिला टेकून बसला होता आणि थंडीनं कुडकुडत होता.

"ऊठ," मी म्हणालो.

"तो आला नाही अजून."

"आला नाही, तर मग तिथे कोण बसलंय?"

हिनेकनं मधल्या ग्लासाकडे पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तेच मला कळत नाही, दादा. आधी वाटलं, लुडवीक. टोपी त्याचीच आहे. घोट त्याचेच आहेत. पण लुडवीक बोलायचा रे. भट्टीत दिवसभर बडबडायचा. हा बोलत नाही. हा फक्त सरकतो."

"सरकतो?"

"जवळ. रोज थोडा."

मी खुर्ची मागे सारली.

"उठून चालू लाग. मी सांगतोय."

"बसलोय म्हटलं ना मी! आता उठलो तर... तूच मला शिकवलंस. बाप गेल्यावर तू मला इथे पहिल्यांदा आणलंस, आणि पहिली गोष्ट हीच सांगितलीस. म्हणालास, आपल्या घराण्यात शब्द एकदाच देतात."

सांगितलं होतं. आजही हेच सांगेन.

मला एकच वाट दिसत होती. तीही रीतीतलीच. जो बसलाय त्याला जावंच लागलं, तर दुसरा त्याच्या जागी 'बसलोय' म्हणू शकतो. क्वचित होतं. बायको बाळंत होत असेल तर. मी टेबलाला वळसा घातला आणि त्याच्यापुढे उभा राहिलो.

"जा घरी, हिनेक."

त्याला कळलं. त्यानं माझी बाही धरली. ती धरली आहे असं वाटतही नव्हतं. "नको, दादा. तुला माहीत नाही."

"थोरला कोण आहे?"

"दादा..."

"थोरला कोण?"

"तू."

"मग ऊठ. मी बसलोय."

मी हे मोठ्यानं म्हणालो. पत्ते खेळणाऱ्यांनी ऐकलं, मालविनानं ऐकलं. तिनं कपाळ, छाती, खांदे असा क्रॉस केला. हिनेक उठला. फळी करकरली नाही, वर आली नाही. तो दाराशी गेला. त्याच्या बुटांचा आवाज येत नव्हता. पहिल्या पायरीवर आला नाही, दुसऱ्या पायरीवर आला नाही. तिसऱ्या पायरीवर खिळ्यांचा बूट दगडावर खणकन वाजला. मग चौकातल्या फरशीवर वाजत वाजत लांब गेला. धावत होता.

मी त्याच्या जागेवर बसलो. शेगडी पाठीला लागत होती. मालविनानं दोन ग्लास आणले आणि पटकन निघून गेली.

"तंबाखू आणायला इतका वेळ?" मी शेजारच्या रिकाम्या जागेला म्हणालो. मला थट्टा जमत नाही. क्वीडोला जमते. तो केव्हाच घरी गेला होता.

८

आता उन्हाळा आहे. चौकात प्रागहून आलेले लोक फिरतात, आमच्या कमानींचे फोटो काढतात. काल एक जोडपं आत आलं. सगळी टेबलं भरली होती. बाईनं आमच्या बाकाकडे बोट केलं.

"तिथे जागा आहे ना? आजोबा एकटेच बसलेत."

"तिथे माणूस आहे," मालविना म्हणाली, आणि त्यांना भिंतीशी उभं राहून प्यायला लावलं.

हिनेक बरा आहे. हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. पोट सुटलंय. ब्लाझेना परवा हसत हसत सांगून गेली, पलंगाची स्प्रिंग तुटली, नवा घ्यावा लागणार. तिला तसं हसताना मी तिच्या लग्नानंतर प्रथमच पाहिलं. शब्द दिला तो वाया गेला नाही. मला एवढं पुरे.

मी रोज येतो. मालविना उघडते तेव्हा येतो, लावते तेव्हा जातो. बसायला त्रास काही नाही. थंडी वाजते, पण दगडी खोल्या थंडच असतात. शेजारी मी बघत नाही. मान त्या बाजूला वळवायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. एवढं पाळलं की झालं. फळी अधूनमधून करकरते. उन्हाळ्यात लाकूड फुगतं.

आज हिनेक आला. आत आला नाही. दार उघडून पायरीवरच उभा राहिला, उन्हात.

"दादा, घरी चल. ब्लाझेनानं डुकराचं मटण केलंय, कोबी केलाय. तुझ्यासाठी पावाचे गोळे जास्त घातलेत."

"जेवलो मी."

"कधी?"

मला आठवेना. "मघाशी."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचा आवाज बदलला. "दादा, तुझा ग्लास भरलेला आहे."

"आत्ताच आणलाय मालविनानं. याच्याआधीचा संपवला मी. चव अजून तोंडात आहे."

मालविना पाठ फिरवून नळाचं तांबं पुसत होती. हिनेक दाराची चौकट धरून उभा होता आणि रडत होता. एवढा मोठा झाला, तरी रडायचं तोंड तेच आहे.

"मी बसतो, दादा," तो म्हणाला. "तू ऊठ. मी..."

"तोंडातून शब्द काढलास तर थोबाडीत मारीन!" मी ओरडलो. "दार लाव. ऊन आत येतंय."

त्यानं लावलं. बूट वाजत गेले. चांगले जड वाजतात.

मग मी खिशातून पाणसळ काढली. आल्यापासून काढली नव्हती. कारण काही नव्हतं, तशीच. बाकावर ठेवायला गेलो तर फार जागा उरलेली नव्हती. माझ्या मांडीपाशी जेमतेम हातभर होती. मी खाली बघूनच ठेवली, बाजूला बघितलं नाही.

बुडबुडा माझ्याकडे आला आणि थांबला.

पितळ जुनं आहे. बापाच्या वेळचं. नळीतलं पाणी उडालं असेल.

मी पाणसळ परत खिशात ठेवली आणि त्याला थोडी जागा करून दिली.